शकी मिस्त्री

मशीन बिघडलं की मिस्त्री शांत असत. ते सुरळीत चालू लागलं की त्यांच्या जिवाला स्वस्थता नसे. भोंगा होऊन दोन तास झाले, एकही पट्टा उतरला नाही, एकही यंत्र अडलं नाही, की ते हातातला पाना ठेवून उठत, मागे हात बांधून रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जात आणि परत येऊन मला म्हणत, "बाबू, आज काई आवाज नाई. काऊन नाई?" कशाचा आवाज हवा होता, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण काहीतरी आपल्याला चुकवून दडून बसलं आहे, याबद्दल त्यांची खात्री असे. सगळं जिनिंग त्यांना पाठीमागे शकी मिस्त्री म्हणे. त्यांना ते ठाऊक होतं. कोण कोण म्हणतं, तेही बहुधा ठाऊक असावं.

आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्या सुमाराची ही गोष्ट. मी नुकताच मॅट्रिक होऊन, लग्न करून, वर्ध्याजवळच्या एका जिनिंगमध्ये हजेरी बाबू म्हणून लागलो होतो. दिवाळीनंतर कापसाच्या बैलबंड्या फाटकाबाहेर लागत आणि होळीच्या पुढेपर्यंत हंगाम चाले. कापसातून सरकी काढून नुसती रुई वेगळी करणाऱ्या यंत्राला आमच्याकडे रेचा म्हणत. असे चोवीस रेचे दोन रांगांत होते. प्रत्येकावर एक बाई कापूस घालायला उभी असे. रेच्यांच्या खाली कमरेत वाकून चालावं लागेल असा बोळ होता. त्यात सगळ्या रेच्यांना फिरवणारा लांब शाफ्ट होता आणि वरून पडणारी सरकी टोपल्यांनी बाहेर काढणारे हमाल होते. या सगळ्यावर मिस्त्रींची नजर. माणूस तळेगावचा, श्यामजी पंतांचं म्हणून ओळखतात त्या तळेगावचा. उंच, किंचित पोक आलेला, कानात रुईचा बोळा. हंगामापुरते ते जिनिंगच्याच एका खोलीत एकटे राहत.

मी दाखल झालो त्या दिवसापासून त्यांचा माझ्या हजेरीवर विश्वास नव्हता. मी रजिस्टरात चोवीस बाया लिहिल्या की ते रांगेतून चालत जाऊन डोकी मोजून येत. चोवीसच निघत. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजत. महिनाभर हे चाललं, तेव्हा मी चिडून म्हणालो, "मिस्त्री, एकदा तरी चूक निघाली का माझी?" ते म्हणाले, "नाई निघाली. म्हणूनच तं मोजतो."

त्यांचा आवडता प्रश्न एकच होता. कोणी काही सांगायला आलं की ते विचारत, "पाह्यलं का ऐकलं?" पाहिलं म्हटलं तर कुठून पाहिलं, किती वेळ पाहिलं, मध्ये खांब होता का. ऐकलं म्हटलं तर ते पाठ फिरवून चालू लागत आणि ज्याच्याकडून ऐकलं त्याला गाठत. मुकादमानं एकदा तक्रार आणली की नवव्या रेच्यावरची गिरजाबाई कामचुकार आहे, तिच्या रेच्यातून रुई कमी निघते, तिला काढून टाका. मिस्त्री नवव्या रेच्यामागे जाऊन उभे राहिले आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिथून हलले नाहीत. गिरजाबाई बिचारी घाबरून गेली. सुट्टीत ते मुकादमाला म्हणाले, "तिचा ढीग तिकडं, रेचा इकडं. दर खेपेले ती त्या खांबाले वळसा घालून राह्यली. तू एक दिवस घालून पाह्य वळसा." कापसाचा ढीग खांबाच्या अलीकडे आणला. आठवड्यात नववा रेचा इतरांच्या बरोबरीला आला. गिरजाबाई आभार मानायला गेली, तर मिस्त्री म्हणाले, "तुह्यासाठी नाई केलं, बाई. मुकादमावर माहा भरोसा नाई."

कामाची त्यांची रीतही अशीच संशयातून आलेली. स्वतःच्या स्मरणशक्तीवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून इंजिनघराच्या दाराशी त्यांनी एक काळा पत्रा टांगला होता. त्यावर ते खडूनं एक अडचण लिहीत. एकच. ती निस्तरून, पुसून झाल्याशिवाय दुसरी लिहायची नाही. चार तक्रारी आल्या तर आधी कोणती, हे ठरवायला ते भिंतीशी उकिडवे बसत आणि पाच-दहा मिनिटं काहीच करत नसत. नवा माणूस म्हणे, मिस्त्री झोपले. उठले की मात्र हात थांबत नसे. मी तेव्हा एका वेळी तीन रजिस्टरं उघडी ठेवून कामं करण्यात मोठी हुशारी समजत असे. ते माझ्या टेबलाशी येऊन नुसते बघत आणि निघून जात. काही दिवसांनी मी दोन रजिस्टरं मिटून ठेवू लागलो. त्यांनी तेही पाहिलं.

त्या हंगामात त्यांनी एक सुधारणा केली. खालच्या बोळात शाफ्टला जागोजागी बेअरिंगं होती आणि तेलवाला दर तासाला वाकून जाऊन प्रत्येकात हातानं तेल घाली. त्याची कंबर मोडे आणि कधी कधी त्याच्यासाठी शाफ्ट थांबवावा लागे. मिस्त्रींनी प्रत्येक बेअरिंगवर पत्र्याची एक डबी बसवली. डबीत तेल, तेलात रुईची वळलेली वात, आणि वातीतून झिरपत तेल खाली बेअरिंगात. सकाळी डब्या भरल्या की दिवसभराची काळजी मिटली. शाफ्ट थांबेनासा झाला, दिवसाकाठी जास्त रुई निघू लागली. मॅनेजरसाहेब स्वतः खाली वाकून डब्या पाहून गेले आणि सगळ्यांसमोर मिस्त्रींची पाठ थोपटली. मी मिस्त्रींना खूश झालेलं तेवढं एकदाच पाहिलं. त्या दिवशी ते माझ्या बाया मोजायला आले नाहीत.

संक्रांतीच्या आधी बोळात पहिली आग लागली. हातभर रुई धुमसत होती, वाळूच्या दोन बादल्यांत विझली. दहा दिवसांनी पुन्हा तिथंच. दोन्ही वेळा मिस्त्री बोळात उतरून काळं झालेलं सगळं उपसून आले. त्यांना काही सापडलं नाही. तिसऱ्यांदा ज्वाळा फळ्यांमधून वर आली आणि नवव्या रेच्याजवळचा ढीग पेटला. गिरजाबाईचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तिला बंडीत घालून दवाखान्यात नेलं. त्या दिवसापासून जिनिंगची हवाच बदलली. बाया एकमेकींच्या पदराकडे पाहू लागल्या. ज्याला खोकला येई त्याच्याकडे विडी असणार असं धरून लोक त्याच्या जवळून उठत. मुकादम फाटकाशी उभा राहून प्रत्येकाचा श्वास हुंगी. कोणीतरी मुद्दाम करतं आहे, अशी बोलवा झाली आणि त्या कोणीतरीला तीन दिवसांत नाव मिळालं. सुदाम.

सुदाम सरकीच्या टोपल्या काढणारा हमाल, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. नुकत्याच झालेल्या दसऱ्याला तो घरच्यांसह नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला होता. आल्यापासून त्याच्या वस्तीनं गावातली मेलेली जनावरं ओढणं सोडलं होतं आणि गावाला ते झोंबलं होतं. जिनिंगमध्ये तो रामराम ऐवजी जयभीम म्हणे, ताठ उभा राहून बोले, एवढं पुष्कळ झालं. आग लागते तिथं तो असतो, हेही खरं होतं. चौथ्या दिवशी सुट्टीच्या भोंग्याला, सगळे फाटकाशी जमले असताना, मिस्त्रींनी त्याला हाक मारली. "सुदाम, थांब जरा." आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. चुन्याची डबी निघाली आणि घडी घातलेला एक कागद. कागदावर पेन्सिलीनं वीस-पंचवीस वेळा एकच नाव गिरवलेलं होतं. अंगठ्याऐवजी सही करता यावी म्हणून तो शिकत होता. मिस्त्रींनी कागद परत खिशात ठेवला. सुदाम म्हणाला, "विडी मी दसऱ्यालेच सोडली. इचारलं असतं तं सांगतलं असतं." आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. टेबलावर एक कागद तयार होता. आग लागण्यापूर्वी सुदाम बोळाच्या तोंडाशी विडी ओढताना मला दिसला, असा मजकूर. साहेब म्हणाले, "बाबूजी, सही करा. पोलिसात द्यायचं आहे. बाई भाजली आहे, कोणाला तरी जबाब द्यावा लागेल." मुकादमानं पाहिलं आहे, पण त्याला लिहिता येत नाही, तुमची सही वजनदार, असंही म्हणाले. माझ्या बायकोचे तेव्हा दिवस भरत आले होते, नोकरी हंगामी होती. मी सही केली. हे मी आजवर फारशा लोकांना सांगितलेलं नाही. सुदामला त्याच दुपारी कामावरून काढलं. पोलिसात कागद जायचा तेवढा राहिला, कारण साहेबांना दोन दिवसांसाठी नागपूरला जावं लागलं.

मिस्त्री संध्याकाळी माझ्या टेबलाशी आले. "बाबू, पाह्यलं का ऐकलं?"

मी म्हणालो, "मुकादमानं पाहिलं."

"मी तुमचं इचारून राह्यलो."

मी रजिस्टरात पाहत बसलो. ते मुकादमाकडे गेले. मुकादमानं कापूस तोलणाऱ्या काटेवाल्याकडून ऐकलं होतं. काटेवाल्यानं फाटकावरच्या शिपायाकडून. शिपाई म्हणाला, मला तर मुकादमच बोलला. मिस्त्री परत आले तेव्हा त्यांचा चेहरा मी पूर्वी कधी न पाहिलेला होता. त्यांनी पत्र्यावर होतं ते पुसलं आणि लिहिलं, 'आग.' मग मला म्हणाले, "चला माह्यासंगं. सुदाम काय बोलन ते मले पुरतं ध्यानात राहाचं नाई."

सुदामची वस्ती नाल्यापलीकडे होती. तो अंगणात दोर वळत बसला होता. उठला नाही. म्हणाला, "पुन्हा खिसा पाहाले आले का?"

"नाई," मिस्त्री म्हणाले आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसले. "तू रोज त्या बोळात राह्यतं. माह्यापेक्षा जास्त. तुले काय दिसलं ते इचाराले आलो."

सुदामनं दोराचा पीळ घट्ट केला. त्यानं आम्हाला काही सांगावं तरी का, असं मला वाटलं. मग म्हणाला, "नवव्या रेच्याखालचं बेअरिंग गरम राह्यते. सकाळी नाई. जेवनाची सुट्टी जवळ आली का. पाठ लागली तं चटका बसते. मुकादमाले दोन डाव सांगतलं. तो म्हणे, तू सरकी काढ."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी मले कधी इचारलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्याआधीच मिस्त्री बोळात उतरले आणि नवव्या रेच्याखाली बसले. मला वर फळीवर बसवलं. दर अर्ध्या तासानं ते बेअरिंगवर उलटा हात ठेवत आणि खालून सांगत, मी कागदावर लिही. आठ, गार. साडेआठ, गार. दहापर्यंत गारच. साडेदहाला कोमट. साडेअकराला ते म्हणाले, "हात ठेववत नाई." शाफ्ट थांबवला. त्यांनी डबी उघडली. डबी तेलानं काठोकाठ भरलेली होती. ते तशीच हातात धरून बसून राहिले. मग वात ओढली. ती लाकडासारखी कडक झाली होती. बोळात उडणारी बारीक रुई आणि धूळ तिच्यात बसून ती पार बुजली होती. तेल डबीतून खाली जवळजवळ उतरतच नव्हतं. रात्री शाफ्ट थांबलेला असताना जे थेंब झिरपत त्यावर बेअरिंग दुपारपर्यंत चाले, मग कोरडं पडून तापे आणि एखाद्या दिवशी आजूबाजूची रुई पेट घेई. तेलवाला रोज डबी भरलेली पाहून पुढं जाई. आग लागल्यावरही ती भरलेलीच दिसे.

मिस्त्री वर आले. हात काळे, कपाळावर काळं. म्हणाले, "बाबू, मी साऱ्याइवर शक घेतला. ह्या डबीवर नाई घेतला. माही होती म्हणून."

मॅनेजरसाहेब परत आल्यावर मिस्त्री डबी आणि वात घेऊन त्यांच्या खोलीत गेले. मलाही बोलावलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, दार लोटलं आणि मऊ आवाजात म्हणाले, "मिस्त्री, डब्या काढून टाका, झालं. कोणाला सांगायची गरज नाही. तुम्ही कामाचा आदमी आहात. हमाल दुसरा मिळेल." मिस्त्री म्हणाले, "साहेब, मग त्याच्या नावाचा कागद?" साहेब म्हणाले, "तो आता तयार झाला आहे." तेवढ्यात दार उघडून गिरजाबाई आत आली. हाताला पट्टी, मागे पाच-सहा बाया. बोळातली गोष्ट जिनिंगभर झाली होती. ती साहेबांना म्हणाली, "हात माहा भाजला. मी त्याचं नाव नाई घेतलं. तुमी काऊन घेता, बाप्पा?" साहेबांनी तिला बाहेर जायला सांगितलं. ती गेली नाही, दारातच बसली. तिच्यामागे बाया बसल्या. रेचे त्या दिवशी सुट्टीनंतर तासभर सुरू झाले नाहीत.

तेवढ्या वेळात माझ्या टेबलावर मिस्त्रींनी आपला जबाब सांगितला आणि मी लिहिला. डबी मी बसवली, वात मी वळली, चूक माझी, सुदामचा संबंध नाही. खडूच्या ठळक अक्षरांपलीकडे त्यांना वाचता येत नसे, म्हणून माझ्याकडून तो दोनदा वाचून घेतला. मग काटेवाल्या बाबूला बोलावून त्याच्याकडून एकदा वाचून घेतला, मी भलतंच काही लिहिलं नाही ना म्हणून. मग सही केली. मला म्हणाले, "तुमचं तुमी पाहा," आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या सहीखाली लिहिलं की, सुदामला विडी ओढताना मी पाहिलेलं नाही, मी ते फक्त ऐकलं. साहेबांनी दोन्ही वाचलं, माझी जुनी सही असलेला कागद फाडला आणि मला म्हणाले, "बाबूजी, तुम्ही पुढच्या हंगामासाठी दुसरीकडे बघून ठेवा." मिस्त्रींना त्यांनी काहीच म्हटलं नाही. त्यावरून मिस्त्रींनी काय ओळखायचं ते ओळखलं.

सुदाम सोमवारी कामावर आला. मिस्त्री त्याला फाटकातच भेटले. म्हणाले, "मी तुह्या खिशात हात घातला. ते चुकलं माहं."

सुदाम म्हणाला, "तुमी साऱ्याइच्या खिशात घातला असता तं मले राग नसता आला, मिस्त्री. तुमी साऱ्याइवर शक घेता म्हणते लोकं. हात तं माह्याच खिशात घातला."

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्याआधी ते फाटकाशी एक स्टूल घेऊन उभे होते. सगळे जमल्यावर त्यांनी स्वतःचे दोन्ही खिसे त्या स्टुलावर उलटे केले. एक रुमाल, खडूचा तुकडा, चष्म्याची काडी आणि एक काडीपेटी निघाली. इंजिनघरातला कंदील लावायची ती. बायांमध्ये हसू पसरलं, मग ते थांबलं. मिस्त्रींनी काडीपेटी उचलून माझ्या टेबलाच्या खणात ठेवायला दिली आणि मग मला म्हणाले, "आता बाबू." मी माझे खिसे उलटे केले. मग मुकादमानं. सुदामची पाळी आली तेव्हा तो स्वतःच पुढं झाला. हंगाम संपेपर्यंत रोज हे चाललं आणि आग पुन्हा लागली नाही. सुदाम मिस्त्रींशी कामापुरतं बोलू लागला. त्यापलीकडे गेला नाही, आणि मिस्त्रींनीही तशी अपेक्षा केली नाही.

होळीनंतर मी त्यांना बसवर सोडायला गेलो. लोखंडी पेटी टपावर चढवली, तर दोर नीट बांधला की नाही हे पाहायला ते स्वतः शिडीनं वर चढले. कंडक्टर वैतागला. खाली आल्यावर म्हणाले, "बाबू, तुमी लिहून दिलं ते मी पाह्यलं." एवढंच बोलून आत जाऊन बसले. पुढच्या हंगामाला त्यांनाही बोलावणं आलं नाही, मलाही नाही. मी पुढं शाळेत मास्तर झालो. मुलांनी वर्गातल्या कोणाचं नाव घेतलं की आधी मी काय विचारतो, हे माझे विद्यार्थी सांगतील.

ते वारल्याचं मला उशिरा कळलं. मी तळेगावला गेलो. घर साधं, त्यांची थोरली मुलगी माहेरी आलेली होती. मी जिनिंगमधला बाबू म्हटल्यावर तिनं ओळखलं. मी मिस्त्रींच्या संशयाच्या दोन-चार गोष्टी सांगितल्या. वाटलं, तिला त्या ओळखीच्या असतील. ती नवलानं ऐकत राहिली.

"आमचे बाबा?" ती म्हणाली. "घरी तं ते कोनाले काईच इचारत नव्हते. आमी सांगू ते खरं. मी शाळा बुडवून आंब्याखाली खेळत बसो आणि गेलती म्हणो. ते म्हणत, बरं केलं. गावात सारे हसत, मिस्त्रीले कोनीबी फसवते म्हणत. एक डाव मीच इचारलं, बाबा, तुमी आमच्यावर कधी शक काऊन नाई घेत? तं म्हणे, हंगामभर तेच करून येतो, पोरी. घरी तरी बसू दे."

तिनं चहा ठेवला. मी विचारलं, ते कुठं बसत. तिनं ओसरीच्या कोपऱ्यातली, भिंतीला टेकायची जागा दाखवली. चहा होईपर्यंत मी तिथं बसलो.